बायकोच्या व्हिसावरचा राजा

दुबईत शेख पुष्कळ, शेट त्याहून पुष्कळ. पण बायकोच्या व्हिसावर राहणारा राजा मी एकच पाहिला. तो आमच्याच बिल्डिंगमध्ये, अल मनखूलला, तिसऱ्या मजल्यावर राहत होता. नाव गजानन खांबेटे. उंची बेताची, आवाज भारदस्त आणि नाक कपाळाच्या मधूनच सुरू होऊन थेट खाली आलेलं. या नाकानेच त्यांचा घात केला असं माझं आजही मत आहे.

खांबेटे अल कुसैसमधल्या एका एसीचे डक्ट बनवणाऱ्या कंपनीत ड्राफ्ट्समन होते. व्हिजिटिंग कार्डावर इंजिनियर होतं, पण ते कार्डही त्यांनीच ड्रॉ केलेलं होतं. नव्वदच्या दशकात मधेच कधीतरी कंपनीचा मालक एका गुरुवारी ऑफिस बंद करून घरी गेला तो थेट स्वतःच्या देशातच. शुक्रवारची सुट्टी संपवून शनिवारी माणसं आली तर पगार नाही, ग्रॅच्युइटी नाही, साहेबाचा पत्ता नाही. मग ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने उचललं. कोणी फॅक्स मशीन नेलं, कोणी फिरती खुर्ची नेली, अकाउंटंटने वॉटर कूलर नेला. खांबेट्यांनी मॅनेजरच्या टेबलावरचं एक जाडजूड चित्रांचं पुस्तक बगलेत मारलं आणि सातव्या नंबरच्या बसने घरी आले. सुलभा, म्हणजे त्यांची बायको, मला म्हणाली होती, "अगं, निदान कूलर तरी आणायचा ना!"

त्या पुस्तकात पकाल होता. पकाल हा मेक्सिकोतल्या पालेंके नावाच्या नगरीचा माया राजा. ही माया कीर्तनातली नव्हे, तिकडची एक जुनी जमात. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी हा पकाल बारा वर्षांचा असताना गादीवर बसला, अडुसष्ट वर्षं राज्य केलं, ऐंशीचा होऊन गेला, आणि जाण्याआधी स्वतःसाठी पिरॅमिडच्या पोटात थडगं बांधून घेतलं. तेही कसं, तर आधी भलीमोठी दगडी पेटी ठेवली आणि मग तिच्यावर देऊळ चढवलं. पेटी पुन्हा बाहेर काढायची सोयच नाही. प्रेताच्या तोंडावर हिरव्या जेडचा मुखवटा, दोन्ही हातांत जेडचे मणी. हे सगळं मला आजही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल, इतक्या वेळा मी ते खांबेट्यांच्या दिवाणखान्यात, गार होत चाललेल्या चहासमोर बसून ऐकलेलं आहे.

पुस्तकाच्या एका पानावर पकालचं चुन्यात घडवलेलं डोकं होतं. नाक कपाळाच्या मधूनच सुरू. खांबेट्यांनी ते पान पाहिलं, मग आरसा पाहिला, आणि तेव्हापासून त्यांना साधी नोकरी मिळेनाशी झाली. सुलभा ऊद मेथातल्या एका इंडियन स्कूलमध्ये मराठी आणि हिंदी शिकवायची, मी तिथेच भूगोल. तिने शाळेच्या मागे लागून, दहा सह्या गोळा करून नवऱ्याला आपल्या व्हिसावर घेतलं. त्यांच्या पासपोर्टात स्पॉन्सर म्हणून तिचं नाव आणि खाली 'काम करण्यास परवानगी नाही' असा शिक्का बसला. एरवी बायकांच्या पासपोर्टात असतो तोच. खांबेटे म्हणाले, "तात्पुरतं आहे हे." त्यांच्याकडे सगळंच तात्पुरतं असायचं, एक पकाल सोडून.

तात्पुरतं चार वर्षं चाललं. या चार वर्षांत खांबेट्यांनी एक नियम मोडला नाही. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट, टाय, पॉलिश केलेले बूट, हातात ब्रीफकेस. सुलभा आणि मी कारलिफ्टसाठी, म्हणजे शाळेला नेणाऱ्या भाड्याच्या गाडीसाठी, खाली उतरायचो तेव्हा तेही आमच्याच लिफ्टमध्ये असायचे. लिफ्टमध्ये कोणी विचारलं, "खांबेटेसाहेब, ऑफिस?" तर ते घड्याळ बघून म्हणत, "मीटिंग." मग समोरच्या कॅफेटेरियात बसून एक कडक चहा, आणि ऑफिसची गर्दी ओसरली की परत वर. ब्रीफकेसमध्ये पुस्तक असायचं. वॉचमनपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना हे ठाऊक होतं, आणि कोणीही त्यांना तसं दाखवत नव्हतं. परदेशात माणसं एकमेकांना एवढी सवलत देतात.

"पकालचं तसं नव्हतं," हे त्यांचं पालुपद. बिल्डिंगची पाण्याची टाकी रिकामी झाली आणि आम्ही बायका बादल्या घेऊन जिन्यात उभ्या राहिलो, की खांबेटे वरून सांगत, "पकालचं तसं नव्हतं हो वहिनी. त्याच्या राजवाड्याच्या कडेने दगडी कालव्यातून पाणी खळखळ वाहायचं." बादली मात्र घेत नसत. आमच्या ह्यांना बढती मिळाली तेव्हा पेढा तोंडात टाकून म्हणाले, "चांगलं आहे. पण बढती कोणीतरी द्यावी लागते. पकालचं तसं नव्हतं." मला तर त्यांनी वर्षभर छळलं. भूगोलाची मास्तरीण असून मला पालेंके नकाशावर दाखवता आलं नव्हतं, हे ते दर नव्या पाहुण्यासमोर हसत हसत सांगायचे. शेवटी मी घरी ॲटलास काढून बोट ठेवलं. त्यावर म्हणाले, "आता नुसतं पोचलात. समजून घ्यायला वेळ लागेल."

नोकऱ्या चालून आल्या नाहीत असं नाही. सुलभाने एका पालकांना गाठून त्यांची एका डक्टच्याच कंपनीत मुलाखत ठरवली. मॅनेजर मल्याळी होता, सज्जन होता, त्याला खरोखरच माणूस हवा होता. त्याने विचारलं, "सर, एज कितना है?" एवढा साधा प्रश्न. खांबेट्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि सांगायला सुरुवात केली. पकालची हाडं तपासणारे म्हणाले, हा चाळिशीत गेला. देवळातला लेख सांगतो ऐंशी. तेव्हा माणसाचं वय हाडांवर धरायचं की लेखावर, हा मूळ मुद्दा आहे. मॅनेजरने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, वो सब ठीक है. हमको सिर्फ डक्ट का आदमी मांगता."

तरीही त्याने नोकरी देऊ केली. खांबेट्यांनी ती घेतली नाही, कारण तिथे तीस वर्षांच्या एका पोराच्या हाताखाली काम करावं लागणार होतं. संध्याकाळी त्यांनी हे आम्हा सगळ्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

"पकालने कधी कोणाच्या हाताखाली काम केलं होतं?" त्यांनी विचारलं.

सुलभा वह्या तपासत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आईच्या."

हे खरंच होतं. पकाल बारा वर्षांचा पोर. मुकुट त्याच्या हातात आईनेच दिला, आणि पुढे कितीतरी वर्षं राज्याचा गाडा तीच ओढत होती असं त्या पुस्तकातच लिहिलेलं होतं. खांबेट्यांनी ते पान वाचलं होतं, पण सुलभानेही वाचलं असेल हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्यांची मुलगी मैत्रेयी बारा वर्षांची झाली तेव्हा तर कहर केला. वाढदिवसाला सगळी बिल्डिंग बोलावली. केक टेबलावर, मेणबत्त्या लावलेल्या, आणि खांबेटे उभे राहून सांगतायत की पकालच्या घराण्यात बायकाही गादीवर बसल्या होत्या, तेव्हा आज या मुलीचा राज्याभिषेक आहे. पुठ्ठ्याचा मुकुट केला होता, त्यावर हिरवी पिसं. तो सुलभाने मैत्रेयीच्या हातात द्यायचा, अगदी पालेंकेच्या कोरीव शिळेवर आहे तसा. सुलभा एका हातात वेफर्सची परात घेऊन उभी होती. तिने दुसऱ्या हाताने मुकुट दिला. मेणबत्त्या केकवर गळत होत्या.

मैत्रेयीने मुकुट हातात धरून विचारलं, "बाबा, सो ही वॉज ऑन हिज मॉम्स व्हिसा?"

पोरं खी खी हसली. मोठ्या माणसांनी एकदम वेफर्सकडे लक्ष वळवलं. माझ्या नवऱ्याला ठसका लागला तो खरा की खोटा हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. खांबेट्यांचा चेहरा क्षणभर पडला, आणि मग त्यांनी तो उचलून पुन्हा जागेवर बसवला. "केक काप," ते म्हणाले. त्या दिवशी पकालचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मला वाटतं, सुलभाचा निर्णय त्याच दिवशी झाला.

तो तिने मला कारलिफ्टमध्ये सांगितला. आम्ही मागच्या सीटवर, बाहेर क्लॉक टॉवरचा ट्रॅफिक. नाशिकला तिची आई एकटी होती, गुडघ्यांनी बेजार. नाशिकच्याच एका शाळेने तिला बोलावलं होतं. "मी त्यांना सांगून टाकलंय," ती म्हणाली, "या गणपतीपर्यंत स्वतःचा व्हिसा होऊ दे. झाला तर राहू, मी एक शब्द बोलणार नाही. नाही झाला तर मी राजीनामा देणार. मला आता ओढवत नाही गं." मी विचारलं, ते काय म्हणाले. "म्हणाले, पकाल आपली नगरी सोडून कधी गेला नाही. मीपण इथून जाणार नाही."

तिचा व्हिसा संपला की त्यांचाही संपला, हे सांगायला कोणाची गरज नव्हती.

त्या वर्षी आमच्या मंडळाचा गणपती अल कुसैसला मोहिते शेटच्या गोदामात बसायचा होता. मोहिते शेट म्हणजे साताऱ्याकडचे, नळ, वॉश बेसिन आणि कमोड यांचे मोठे व्यापारी. दुबईतल्याच देरा भागात त्यांची नवी शोरूम उघडायची होती आणि तिची सजावट करायला त्यांना माणूस हवा होता. खांबेट्यांनी हे ऐकलं आणि मंडळाच्या मीटिंगमध्ये उठून जाहीर केलं की यंदाचा देखावा मी करणार. विषय: पकाल राजाचं जीवन. हलता देखावा.

मीटिंगमध्ये कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, गणपतीचा आणि या राजाचा संबंध काय? खांबेटे म्हणाले, "नाक बघा." दुसरं कोणी देखावा करायला तयारही नव्हतं. ठराव पास झाला.

पुढचा महिनाभर त्या माणसाने खरंच काम केलं. हे मी कबूल करते. टाय काढून ठेवला, बाह्या सरसावल्या, गोदामाच्या कोपऱ्यात थर्माकोलच्या ढिगात बसले. थर्माकोलवर बारीक जाळी, जाळीवर प्लास्टर, प्लास्टरवर रंग. पायऱ्यापायऱ्यांचा पिरॅमिड, वरती देऊळ, समोरून एक कमान, आणि आत, राजाच्या थडग्याच्या जागी गणपती. प्रत्येक पायरीवर राजाच्या आयुष्यातला एक प्रसंग. सुलभा शाळेतून परस्पर तिकडे जाऊन माया लिपीतली चित्रं कापून द्यायची. का करतेस, मी विचारलं. "माझ्या बाजूने कसर राहायला नको," ती म्हणाली.

गोष्ट बिघडली ती मूर्तीमुळे. दरवर्षी हातभर उंचीचा गणपती असे. यंदा शेटनी हौसेने पेणहून दुप्पट मोठा मागवला आणि तो कार्गोत अडकला. पिरॅमिडही अर्धाच झाला होता. चतुर्थीला सकाळी मूर्ती सुटून आली, मुहूर्त टळत होता, म्हणून साठे गुरुजींनी तिची चौरंगावर प्रतिष्ठापना उरकून घेतली. हे गुरुजी एरवी एका लिफ्टच्या कंपनीत मेकॅनिक होते. प्राणप्रतिष्ठा झाल्यावर विसर्जनाच्या दिवसापर्यंत मूर्ती हलवायची नसते. तेव्हा खांबेट्यांनी आम्हाला सगळ्यांना बाहेर पिटाळलं आणि बसलेल्या गणपतीभोवती दुपारभरात उरलेला पिरॅमिड उभा केला. संध्याकाळच्या आरतीला पडदा सरला तेव्हा कमानीतून बाप्पाचं मुख, सोंड आणि आशीर्वादाचा हात अगदी छान दिसत होता. कमान मात्र जुन्या मापाची होती. मुखदर्शन सगळ्यांनी घेतलं, खांदे कोणी पाहिले नाहीत.

देखावा गाजला, हे नाकारण्यात अर्थ नाही. शारजाहून, अबू धाबीहून माणसं आली. लाऊडस्पीकर हळू ठेवायचा असा दंडक होता, त्यामुळे टेपवरची खांबेट्यांची कॉमेंट्री ऐकायला लोक कान देऊन उभे राहत. "सावधान! पालेंकेनरेश पकाल पधारत आहेत!" मधेच त्यांचा खोकलाही टेप झाला होता. पहिल्या पायरीवर राज्याभिषेक. आई मुकुट पुढे करते, बाळराजे बसलेले. हात हलवायला गाडीच्या वायपरची मोटर बसवलेली, तिचा वेग काही कमी होईना. आईचा हात असा सटासट खाली यायचा की मुलाचा राज्याभिषेक चाललाय की त्याला धोपटतायत हेच समजेना. पोरं ओरडायची, "लुक, ही इज गेटिंग स्लॅप्ड!" वरच्या पायरीवर पकालचा मुलगा होता, पुस्तकात होती तशीच त्याच्या पायाला सहा बोटं. ती मोजायला रांग लागायची. एका गृहस्थांनी देखाव्यातलं थडग्याचं झाकण आणि त्यावरचं राजाचं चित्र पाहून "हा रॉकेटमध्ये बसलाय का?" असं विचारलं, तर खांबेटे त्यांच्याशी पाचही दिवस बोलले नाहीत.

पाचव्या दिवशी, विसर्जनाला, मोहिते शेट आले. पिरॅमिडला एक प्रदक्षिणा घातली, वायपरवाल्या राणीपाशी थांबून पोट धरून हसले, आणि खांबेट्यांच्या पाठीवर थाप मारली.

"खांबेटे, एक नंबर! हा असाच्या असा उचलायचा आणि माझ्या शोरूमच्या दारात ठेवायचा. याच हफ्त्यात ओपनिंग आहे. आत लायटिंग करू, आजूबाजूला बेसिनं लावू. तुम्ही शनिवारपासून या. व्हिसा माझा. खलास!"

खांबेट्यांनी नुसती मान हलवली.  त्यांनी गर्दीत सुलभाला शोधलं. ती प्रसादाच्या टेबलामागे होती. तिने ऐकलं होतं. तिने त्यांच्याकडे बघून हसल्यासारखं केलं, आणि मग खाली मान घालून भराभर द्रोण भरू लागली. मैत्रेयी म्हणाली, "आई, सो वी आर स्टेइंग?" सुलभा म्हणाली, "हो." नाशिकची आई एका शब्दात मागे टाकणाऱ्या त्या 'हो'चा मला इतका राग आला की मी टेबल सोडून दुसरीकडे जाऊन उभी राहिले.

उत्तरपूजा झाली. गुरुजींनी मूर्ती जागची हलवली. चार तगडे पुरुष पुढे झाले, दोघांनी कमानीतून हात आत घातले, "गणपती बाप्पा..." झालं, आणि बाप्पा कमानीपर्यंत आले आणि थांबले. तिरके करून पाहिले, मागे घेऊन पाहिले, मुकुटाकडून, पाटाकडून. मागून वाट असेल म्हणून पाहिलं तर मागे सलग प्लास्टर. कुठे सांधा नाही, कुठे दार नाही. खांबेट्यांना महिनाभर याचाच तर अभिमान होता की सांधा दिसणार नाही.

"मग आत गेला कसा?" शेटनी विचारलं.

"आधी गणपती, मग पिरॅमिड," खांबेटे म्हणाले. "पकालचंही तसंच होतं." आणि ते वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

गोदामात एकच गलका झाला. शेटनी हात वर केला. "अरे, टेन्शन कशाला? मूर्ती राहू दे आत. सगळंच शोरूमला जाऊ दे. गुरुजी, काहीतरी असेल ना शास्त्रात?" गुरुजींनी डोकं खाजवलं आणि सांगितलं की असतं, सुपारीचं विसर्जन करायचं, मूर्ती शोभेची म्हणून ठेवायची, पुष्कळ मंडळं करतात. सगळ्यांना हायसं वाटलं. देवाला चालत होतं, शेटना चालत होतं, लोकांना घरी जायची घाई होती. तबकात सुपारीसुद्धा आली.

खांबेटे कमानीपाशी वाकून आत बघत होते. बराच वेळ. आत बाप्पा अर्धे वळलेले, भिंतीला खेटून, एका खांद्याला रंग खरवडलेला.

"चला खांबेटे, यल्ला," शेट म्हणाले.

खांबेटे सरळ झाले. "शेट, पकाल आत राहिला, कारण तो मेलेला होता," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच, कॉमेंट्रीतला. "ह्यांना आपण पाच दिवसांसाठी बोलावून आणलंय. ह्यांची घरी जायची वेळ झाली. माझी चित्रं चांगली झाली म्हणून ह्यांना कोंडून ठेवायचं?"

"खांबेटे, नीट विचार करा. हे तोडलंत तर शनिवारी मी शोरूममध्ये काय ठेवू? आणि तुम्हाला कशासाठी घेऊ?"

"ते कळलं मला," खांबेटे म्हणाले, आणि ते शेटकडे नाही, सुलभाकडे पाहत होते. "हातोडी द्या कोणीतरी."

सुलभा टेबलामागून बाहेर आली. मला वाटलं ती त्यांना अडवणार. तिने हातोडी आणून त्यांच्या हातात दिली आणि मूर्तीला धक्का लागू नये म्हणून स्वतः कमानीतून आत हात घालून बाप्पाला धरून उभी राहिली.

मला त्या क्षणी या माणसाचा अभिमान वाटला. चार वर्षं ज्याची टर उडवण्यात माझ्या संध्याकाळी मजेत गेल्या, त्याचा अभिमान वाटावा याची चीडही आली. पण त्यांनी मला फार वेळ तसं राहू दिलं नाही. तोडतानाही त्यांचं राजेपण सुटेना. मंडळाच्या खजिनदाराला त्यांनी पहिल्या पायरीचे तुकडे धरायला उभं केलं. "नीट धरा, राज्याभिषेक आहे तो!" घाव घालता घालता पकालचं थडगं उघडायला किती वर्षं लागली, जिन्यातला दगडमातीचा भराव कसा उपसला, हे सांगणं चालूच. वायपरची मोटर बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. जमिनीवर आडवी पडलेली राणी हात आपटतच होती. पोरांना हसू आवरेना. अखेर एक बाजू पूर्ण खाली आली आणि बाप्पा बाहेर निघाले, दोन्ही खांदे शाबूत.

विसर्जन गोदामाच्या अंगणातल्या मोठ्या प्लास्टिकच्या टाकीत झालं. मोठ्याने गजर करायचा नव्हता, म्हणून सगळ्यांनी दबक्या आवाजात "पुढच्या वर्षी लवकर या" म्हटलं. शेट आरती होताच निघून गेले. जाताना ते खांबेट्यांशी बोलले नाहीत, आणि त्यांची काही चूक होती असं मला वाटत नाही. लोक गाड्यांत बसून गेले. साठे गुरुजी सोवळं पिशवीत घालून दुसऱ्या बिल्डिंगची लिफ्ट बघायला गेले.

डिसेंबरात सुलभाची टर्म संपली आणि ती मंडळी नाशिकला गेली. आम्ही तेव्हा रजेवर भारतात होतो, त्यामुळे निरोपाची भेट झालीच नाही. खांबेटे माझ्या डोळ्यांसमोर राहिले ते विसर्जनाच्या त्या संध्याकाळचेच. मी ताटं आवरून बाहेर आले तर ती दोघं गोदामाच्या शटरपाशी दोन उलट्या बादल्यांवर बसली होती. खांबेट्यांचे केस, भुवया, ते नाक, सगळं प्लास्टरने पांढरं. सुलभाच्या हातावर कमानीच्या जाळीचे ओरखडे होते आणि ते तिचा हात आपल्या मांडीवर घेऊन रुमालाने पुसत होते. मी आडोशाला थांबले.

त्यांनी रुमाल झटकून उलटा केला. मग खांबेट्यांनी विचारलं, "नाशिकला थर्माकोल मिळतं का गं?"

"मिळतं," सुलभा म्हणाली. "पण दार मी मोजणार."